पावतीवर शेवटचा शब्द अण्णांचा

आमच्या कंपनीत पावतीबद्दलचा शेवटचा शब्द अण्णांचा असतो. अण्णांना कोडची एक ओळ लिहिता येत नाही, ईमेल ते उघडत नाहीत आणि चार शब्द टाइप करण्यापेक्षा फोन लावणं त्यांना बरं वाटतं. पण संगमनेर भागातल्या एका दूध संस्थेत सचिव म्हणून त्यांची उभी हयात गेली आहे. पहाटे साडेपाचला किटल्या घेऊन उभ्या राहिलेल्या रांगेला काय हवं असतं, हे आमच्यापैकी कोणाहीपेक्षा त्यांना जास्त कळतं. नव्याने आलेल्या इंजिनिअर मुलांना हे पचायला जरा वेळ लागतो.

आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतो. सात जण आहोत. पाच जण पुण्यात कर्वेनगरला एका फ्लॅटमध्ये बसतो, अण्णा आणि त्यांच्या हाताखालचा एक मुलगा संगमनेरला. काम ऐकायला सोपं आहे. शेतकरी दूध आणतो, काट्यावर माप होतं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग) सांगतं, दरपत्रकातून भाव निघतो, पावती छापली जाते. सकाळ-संध्याकाळ हेच. दर दहा दिवसांनी बिल होतं, पेंडीचे आणि उचलीचे पैसे कापले जातात आणि उरलेला दुधाचा पगार खात्यात जमा होतो. यातली प्रत्येक पायरी कोणाच्या तरी खिशाला हात घालते, त्यामुळे आमच्याकडे 'किरकोळ तांत्रिक बाब' असं म्हणून सोडून देता येईल असं फार थोडं असतं.

मी हे लिहितेय त्याचं कारण असं, की लहान कंपनीत निर्णय चुकतात म्हणून फारसं काही बिघडत नाही असं माझं मत झालंय. चुकलेला निर्णय कळतो, दुरुस्त होतो. बिघडतं ते निर्णय झाला की नाही, झाला असेल तर कोणी घेतला, हेच कोणाला ठाऊक नसतं तेव्हा. चार जणांना वाटतं ठरलंय, दोघांना वाटतं अजून चर्चा चालू आहे, आणि सातवा त्या दिवशी रजेवर असतो.

सुरुवातीला आम्ही तिघंच होतो: मी, माझा तांत्रिक बाजू सांभाळणारा भागीदार आणि अण्णा. तिघांत बोलायच्या जोड्या तीनच होतात. एकाला सांगितलं की दुसऱ्याला आपोआप कळायचं. सात जणांत या जोड्या एकवीस होतात. हिशोब साधा आहे, माणसांची संख्या गुणिले तिच्याहून एक कमी, भागिले दोन. पण हे आकडे कागदावर मांडेपर्यंत आम्हाला वाटत होतं की माणसं आळशी झालीत, एकमेकांना सांगत नाहीत. माणसं तीच होती, जोड्या सातपट झाल्या होत्या.

म्हणून आमच्याकडे एक वही आहे. वही म्हणजे गूगल डॉकच, पण अण्णा तिला वही म्हणतात म्हणून सगळेच म्हणतात. प्रत्येक नोंदीत तारीख, काय ठरलं, कोणी ठरवलं, कोणता पर्याय सोडला आणि का सोडला, आणि शेवटी 'कशामुळे पुन्हा उघडेल' ही ओळ. ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. सॉफ्टवेअरच्या रचनेबद्दलचे निर्णय असे छोट्या नोंदींत लिहून ठेवावेत, हे मायकेल नायगार्ड या सॉफ्टवेअरवाल्याने २०११ मध्ये मांडलं होतं आणि अनेक कंपन्या ते पाळतात. शेवटची ओळ आमची भर आहे, आणि माझ्या मते पूर्ण नोंदीतली तीच सर्वात कामाची आहे. तिच्यामुळे तोच वाद महिन्या-महिन्याला नव्याने होत नाही. कोणी विषय काढला की आम्ही विचारतो, त्या ओळीत लिहिलेलं काही घडलंय का? नसेल तर चहा घ्या.

आता फॅटची गोष्ट सांगते, कारण तिच्यात सगळं आहे.

मशीन फॅट दोन दशांशांपर्यंत सांगतं, उदाहरणार्थ ३.४६. दरपत्रक मात्र एका दशांशावर चालतं, ३.४, ३.५, ३.६. मग ३.४६ चं काय करायचं? आमच्या सर्व्हरचं काम बघणाऱ्या मुलाने सांगितलं, "पाच मिनिटांचं काम आहे, राउंड करून टाकतो." त्याच्या बाजूने ते खरंच पाच मिनिटांचं होतं. अण्णा फोनवर होते. ते म्हणाले, "मॅडम, हे पाच मिनिटांत करू नका. यावरून गावात भांडणं होतात."

समजा एका पॉइंटला, म्हणजे फॅटच्या एका दशांशाला, लिटरमागे तीस पैसे धरले. रोज चाळीस लिटर घालणाऱ्या घराला ३.४ आणि ३.५ मधला फरक दिवसाला बारा रुपये पडतो, म्हणजे दहा दिवसांच्या बिलात एकशे वीस. वरचा दशांश धरला तर केंद्राच्या खिशातून जातात, खालचा धरला तर शेतकऱ्याच्या. आणि महत्त्वाचं म्हणजे एकदा दहा दिवसांचं बिल होऊन पैसे वाटले गेले, की मागे जाऊन ते बदलता येत नाहीत. सॉफ्टवेअर बदलता येतं, वाटलेला पगार नाही.

अॅमेझॉनच्या जेफ बेझोसने २०१५ सालच्या भागधारकांच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार सांगितले आहेत: काही दारांतून आत जाऊन परत येता येतं, काहींतून येत नाही, आणि कंपन्या मोठ्या झाल्या की पहिल्या प्रकारालाही दुसऱ्यासारखंच वागवू लागतात. आमच्याकडे याची नावं परतीचे आणि बिनपरतीचे अशी पडली आहेत. त्या पत्रातली चिंता मोठ्या कंपनीची आहे, परतीच्या निर्णयांनाही फार वेळ लागतो ही. लहान कंपनीचं दुखणं उलट असतं. आम्ही बिनपरतीचे निर्णयसुद्धा जेवता जेवता घेऊन टाकतो, कारण घेताना ते तसे दिसत नाहीत. फॅटचा दशांश कोडमध्ये एका ओळीचा आहे. ती ओळ कुठवर जाते हे ओळ लिहिणाऱ्याला दिसत नाही, अण्णांना दिसतं.

म्हणून नियम असा झाला: एखादा निर्णय परतीचा आहे की नाही, हे तो अमलात आणणाऱ्याने एकट्याने ठरवायचं नाही. पैसा, पावती आणि जुन्या नोंदी यांना हात लागत असेल तर आधी अण्णांना फोन. बाकी सगळं, म्हणजे बटणं कुठे असावीत, अॅपचा रंग, कोडची कोणती तयार लायब्ररी वापरायची, हे ज्याचं त्याने ठरवून वहीत एक ओळ टाकायची आणि पुढे जायचं. विचारायला यायचं नाही. कोणी विचारायला आलंच तर मी मुद्दाम उत्तर देत नाही. यावरून अॅप करणारी मुलगी सुरुवातीला नाराज झाली होती. तिला वाटलं मला तिच्या कामात रस नाही.

फॅटच्या चर्चेत आणखी एक गोष्ट झाली. माझा भागीदार म्हणाला, "सेटिंग देऊन टाकू. ज्या केंद्राला जे हवं ते त्याने निवडावं." सॉफ्टवेअरवाल्यांची ही फार जुनी सवय आहे, भांडण दिसलं की सेटिंग द्यायचं. ऐकायला उदार वाटतं, पण निर्णय झालेला नसतो, तो फक्त दुसऱ्याच्या गळ्यात घातलेला असतो. उद्या शेजारच्या दोन गावांत एकाच दुधाला दोन भाव निघाले आणि दोन्ही पावत्यांवर आमचं नाव असलं, की फोन अण्णांनाच येणार. शेवटी ठरलं ते असं: जवळच्या दशांशावर आणायचं, सगळीकडे सारखं, आणि मशीनने दिलेला मूळ आकडाही पावतीवर छापायचा. शेतकऱ्याला दिसू दे की ३.४६ चे ३.५ झाले आणि ३.४४ चे ३.४. एका केंद्राला नेहमी खालचाच दशांश हवा होता. त्यांनी आमचं सॉफ्टवेअर सोडलं. ते आम्हाला परवडणारं नव्हतं. पण नोंदीत 'कशामुळे पुन्हा उघडेल' समोर ग्राहक गेल्यास असं लिहिलेलं नव्हतं, दरपत्रक दोन दशांशांचं आल्यास असं लिहिलं होतं. म्हणून ते उघडलं नाही.

बिनपरतीच्या निर्णयाआधी आम्ही एक खेळ खेळतो. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये त्यावर लिहिलं होतं. काम सुरू करण्याआधीच धरून चालायचं की ते साफ फसलंय, आणि मग प्रत्येकाने का फसलं ते सांगायचं. 'यात धोके काय आहेत?' असं विचारलं तर आमच्याकडे सगळे माना हलवतात, विशेषतः योजना माझी असेल तर. अण्णांना मात्र "भांडण कुठे होईल?" एवढं विचारायचं. मग लिहून घेणाऱ्याचा हात दुखतो.

प्रत्येक विषयाला एकच नाव, हा दुसरा नियम. अॅपलमध्ये प्रत्येक कामापुढे थेट जबाबदार अशा एकाच व्यक्तीचं नाव असतं, हे बऱ्याच जणांनी वाचलं असेल. आमच्याकडे पावती आणि दर अण्णांकडे, डेटाबेस भागीदाराकडे, किंमत आणि उधारी माझ्याकडे, अॅप त्या मुलीकडे. माणूस घेताना मात्र आम्हा तिघा जुन्यांचा होकार लागतो, तिथे एक नाव चालत नाही.

या नियमाची खरी परीक्षा पावतीच्या छपाईवर झाली. केंद्रांवर दोन इंची थर्मल प्रिंटर असतात. त्यातल्या बऱ्याच स्वस्त प्रिंटरांत देवनागरी अक्षरं नसतातच, त्यामुळे मराठी छापायचं तर पूर्ण पावतीचं चित्र करून पाठवावं लागतं. चित्र सावकाश छापतं. मुलांनी फार मेहनतीने पूर्ण मराठी पावती केली होती. देखणी होती, मलाही आवडली होती. अण्णांनी एका केंद्रावर सकाळी उभं राहून ती पाहिली आणि म्हणाले, "नाव मराठीत ठेवा, बाकी आकडे साधे छापा. कितवा आकडा कशाचा हे बायामाणसांना पाठ आहे. मागे रांग आहे." मराठीच्या अभिमानाचा मुद्दा निघाला, थोडं चढ्या आवाजात बोलणं झालं. मला मनातून मुलांचं पटत होतं. पण विषय पावतीचा होता. मी अण्णांच्या विरोधात माझं मत वहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी मुलांसमोर त्यांच्याच बाजूने काम वाटून दिलं.

असहमत राहूनही निर्णय मनापासून पाळणं याबद्दल बेझोसने २०१६ च्या पत्रात लिहिलंय. त्यात तो स्वतःचंच उदाहरण देतो: त्याला अॅमेझॉन स्टुडिओची एक निर्मिती फारशी पटली नव्हती, तरी टीमच्या म्हणण्याला त्याने होकार दिला. त्या उदाहरणात मला आवडतं ते हे, की मालकाने कनिष्ठांचं ऐकलं. आपल्याकडे ही गोष्ट बहुतेक उलट सांगितली जाते, 'साहेबांनी ठरवलंय, आता मनापासून करा.' मालकाने स्वतः कधी हरल्याचं कोणी पाहिलं नसेल तर त्या नियमाला कोण विचारतो?

आणि हरकत घ्यायची तर ती तोंडातून निघायला हवी ना. अण्णा वयाने वडिलांसारखे. त्यांच्यासमोर चोवीस वर्षांची मुलगी "हे चुकीचं आहे" म्हणणार नाही, तसं तिला घरी शिकवलेलंच नाही आणि त्यात तिचा दोष नाही. मीटिंगमध्ये सगळं छान व्हायचं आणि रात्री मला फोन यायचा, "ताई, मघाशी बोलले नाही, पण..." या रात्रीच्या फोनांनी मला फार दमवलं. शिवाय ते अण्णांवर अन्यायाचेही होते, त्यांच्यामागे त्यांच्याविषयी बोलणं चालायचं. आता मीटिंगच्या आदल्या दिवशी हरकती लेखी येतात आणि बोलायला सुरुवात सर्वात लहान व्यक्तीपासून होते. ही युक्तीही जुनी आहे. ज्यूंच्या प्राचीन न्यायसभेत मृत्युदंडाच्या खटल्यात मतं विचारायला कनिष्ठांपासून सुरुवात करत, म्हणजे ज्येष्ठांचं ऐकून कोणी दबू नये. रात्री फोन आलाच तर मी ऐकून घेत नाही. "वहीत लिही" म्हणते. थोडं कठोर वाटतं, मलाही.

मतदान आम्ही करत नाही. सात जणांत चार विरुद्ध तीन झालं की तीन जणांचा गट तयार होतो आणि तो पुढच्या विषयातही गटच राहतो. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्येही मतदान नसतं. इंटरनेटच्या जडणघडणीत असलेले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी तिथे १९९२ मध्ये म्हटलं होतं की राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्हाला मान्य नाही, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड यांवर आमचा विश्वास आहे. ढोबळ सहमतीचा तिथला अर्थ मला उपयोगी वाटतो: सगळे खूश असले पाहिजेत असं नाही, पण प्रत्येक हरकतीला उत्तर मिळालेलं असलं पाहिजे. उत्तर मिळाल्यावरही न पटणं चालतं.

व्हॉट्सअॅपबद्दल लिहिलं नाही तर हा लेख खोटा ठरेल. आमचा ग्रुप आहे, सगळ्यांचाच असतो. त्यात अंगठ्याचं चित्र टाकलं तर त्याचा अर्थ फक्त 'वाचलं'. होकार असेल तर शब्दांत लिहायचं. हा नियम करण्याआधी एका केंद्राच्या दरपत्रकातला बदल तीन अंगठ्यांवर पुढे गेला होता. नंतर विचारल्यावर तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी वाचल्या होत्या असं निघालं. ग्रुपवर चर्चा चालते, निर्णय चालत नाही. वहीत आलं नाही तोवर झालंच नाही. अण्णांना व्हॉइस मेसेजची सूट आहे, पण ऐकणाऱ्याने ते वहीत उतरवायचं आणि फोन करून त्यांना वाचून दाखवायचं. वैमानिक नियंत्रण कक्षाची सूचना परत म्हणून दाखवतो, तसंच. अण्णांना प्रथम हे अपमानास्पद वाटलं होतं, "मी काय चुकीचं बोलतो का?" आता वाचून दाखवलं नाही तर तेच फोन करतात.

बिघाडाच्या वेळचे नियम वेगळे आणि थोडे आहेत. सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ कोणीही काहीही बदलत नाही. महिन्याच्या एक, अकरा आणि एकवीस तारखेला तर दिवसभर नाही, ते बिलाचे दिवस. संकलन चालू असताना काही बंद पडलं तर एक जण केंद्राशी बोलतो, एक जण दुरुस्त करतो आणि बाकीच्यांनी 'झालं का?' विचारायचं नाही. त्यात मीही आले. हे पाळणं मला सर्वात अवघड जातं.

घाईचे निर्णय नेहमी असे आखून येत नाहीत. २०२४ च्या सुरुवातीला राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान सुरू केलं. त्यासाठी शेतकऱ्याचं आधारशी जोडलेलं बँक खातं, जनावराच्या कानातला बिल्ला, रोजचं दूध, अशी सगळी माहिती जुळवून द्यायची होती. केंद्रांचे फोन सुरू झाले, "तुमच्यात आहे का?" वर्षाला पुरेल असं देखणं स्वतंत्र मोड्यूल करावं असं दोघांचं म्हणणं होतं. विषय माझ्याकडे होता, कारण त्यात आमची किंमतही गुंतली होती. मी एक्सेल फाइल काढून द्यायचं ठरवलं. हवी असलेली साधारण सत्तर टक्के माहिती हाती आली की ठरवून टाकावं, असं बेझोसच्या त्याच २०१६ च्या पत्रात आहे. माझ्याकडे तेवढीही नव्हती. पण जीआर बदलणार हे गृहीत धरायला फार माहिती लागत नाही. नोंदीत शेवटी लिहिलं, 'जीआर बदलल्यास उघडावे.' त्याच वर्षी ऑक्टोबरपासून अनुदान सात रुपये झालं. फाइलमधला एक आकडा बदलला.

वही काही आदर्श नाही. ती आता इतकी लांबली आहे की शोधावं लागतं. तिच्यात कोणीतरी चहाची पत्ती कोणती आणायची याचीही नोंद टाकली आहे, सोडलेल्या पर्यायासकट. आणि काही गोष्टी वहीत मावत नाहीत. कोणाला किती पगारवाढ द्यायची यावर मी आणि भागीदार अजूनही गाडीत बसून बोलतो, आणि ते बाकीच्यांना माहीत आहे.

पुढच्या महिन्यात आठवी व्यक्ती येतेय, म्हणजे जोड्या अठ्ठावीस. तिने वहीतलं आधी काय वाचावं यावर सध्या चर्चा चालू आहे. माझं म्हणणं, फॅटची नोंद. अण्णांचं म्हणणं, काहीच वाचायला देऊ नका, आठवडाभर संगमनेरला पाठवा, पहाटे केंद्रावर उभं करा. अॅपवाल्या मुलीने यावर लेखी हरकत घेतली आहे: थंडीच्या दिवसांत पहिल्याच आठवड्यात पहाटे पाचला उठवलं तर ती व्यक्ती दुसऱ्या आठवड्यात येणार नाही. बाकीच्यांच्या हरकती गुरुवारपर्यंत मागवल्या आहेत.